मानसशास्त्रातले उपरे

आम्ही कामगार-चळवळीतील माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. आमच्यासारख्याने मानसशास्त्राच्या इतिहासावर बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. पण विषयच मुळी एका विद्येतून दुसरीत शिरणाऱ्यांचा आहे, तेव्हा हे धाडस श्रोत्यांनी चालवून घ्यावे.

निमित्त घरगुती आहे. आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. एका कारखान्याच्या पगार-विभागात तिने सहा वर्षे काढली. कमी केलेल्या कामगारांचे हिशेब चुकते करता करता तिला हिशेबापेक्षा माणसांचाच विचार अधिक पडू लागला. तिने ब्रिटनमध्ये जाऊन मानसशास्त्र शिकावयाचे ठरविले. बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, एका वर्षात माणसाचे मन कसे हो कळायचे?"

तो ज्या एका वर्षाविषयी बोलत होता त्या शिक्षणाला तिकडे 'कन्व्हर्शन' पदवी म्हणतात. इंग्रजीत धर्मांतरालाही हाच शब्द आहे. आपण विद्यांतर म्हणू. दुसऱ्या विषयाच्या पदवीधराने पूर्ण वेळ एक वर्ष किंवा अर्धवेळ दोन वर्षे अभ्यास करावयाचा. मेंदूचे व्यापार, स्मृती आणि विचार, बालकाची वाढ, समाजातील वर्तन, माणसामाणसांतील भेद, शास्त्राचा इतिहास, आणि भल्याभल्यांना घाम फोडणारे संख्याशास्त्र. शिवाय स्वतःचे एक संशोधन. अभ्यासक्रम ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने मान्य केलेला असला आणि गुण पुरेसे पडले, तर पुढे सनदी मानसशास्त्रज्ञ होण्याच्या वाटेवर पहिले पाऊल पडते. पहिलेच. या पदवीने कोणी रुग्ण तपासू शकत नाही. त्यासाठी आणखी वर्षे घालवावी लागतात.

आता गंमत पाहा. ज्या संस्थेच्या मान्यतेवर हे सारे अवलंबून, ती १९०१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दहा जणांनी स्थापन केली. त्यांतील बहुतेक दुसरीकडून आलेले. रिव्हर्स आणि मॅकडूगल वैद्यकी शिकलेले, मॉट आणि आर्मस्ट्राँग-जोन्स हेही डॉक्टरच, सली तत्त्वज्ञानातले, सोफी ब्रायंट गणित शिकविणाऱ्या आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्याआधी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढणारा वुंट वैद्यकीचा पदवीधर होता, आणि अमेरिकेतील विल्यम जेम्सही. ज्यांनी घर बांधले त्यांना विद्यांतराचा दाखला कोणी मागितला नाही.

आम्हांला त्यांतला सर्वांत जवळचा वाटतो तो फ्रेडरिक बार्टलेट. जोडे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. दुखण्यामुळे शाळा सुटली; घरी वाचून, टपालाने धडे मागवून त्याने १९०९ साली लंडन विद्यापीठाची तत्त्वज्ञानाची पदवी मिळविली. त्याचा ओढा मानववंशशास्त्राकडे होता. हाच माणूस १९३१ मध्ये केंब्रिजचा प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्याने इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगावयास लावली. प्रत्येकाने ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून सांगितली. अनोळखी भाग गळाले, होड्यांच्या जागी ओळखीच्या नावा आल्या. आठवण ही कपाटातली वस्तू नसून दर वेळी नव्याने रचली जाते, हे त्याने १९३२ च्या ग्रंथात मांडले. परक्या लोकांच्या कथांचा नाद नसता, तर ही कल्पना त्याला सुचली असती का, याची आम्हांस शंका आहे.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. कलकत्त्याचे गिरीन्द्रशेखर बोस १९१० साली डॉक्टर झाले. विद्यापीठात मानसशास्त्राचा नवा विभाग निघाल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले, १९१७ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९२१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. चालत्या दवाखान्याच्या धन्याने पुन्हा बाकावर बसणे सोपे नसते.

परंतु उपऱ्यांनी काय दिले हे आम्हांला खरे कळले ते मारिएन्टालमुळे. व्हिएन्नाजवळचे हे गिरणीगाव. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. तेथे अभ्यासाला गेलेल्यांत पॉल लाझार्सफेल्ड गणिताचा डॉक्टर, हान्स त्साइझेल कायद्याचा, आणि मारी याहोडा मानसशास्त्राची. लाझार्सफेल्डला आधी फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करावयाचा होता. समाजवादी पुढारी ओटो बाउअर याने बेकारी पाहा असे सुचविले. या मंडळींनी खिडकीत बसून, हातात घड्याळ घेऊन, रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष हळू चालत, मध्येच थांबत. बायकांना थांबावयास वेळ नव्हता, कारण घरचे काम सुटले नव्हते. वाचनालयाची वर्गणी माफ असूनही पुस्तके नेणे कमी झाले. दिवसभर काय केले, हे पुरुषांना सांगता येईना. १९३३ साली हे पुस्तक निघाले.

आम्ही ते चाळिशीत वाचले आणि मिटून ठेवले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. वडील साचेखात्यात. संप फसला, नोकरी परत मिळाली नाही. पूर्वी भोंग्याबरोबर तरातरा निघणारे वडील नाक्यावरून मीठ आणावयास तासभर लावीत. आई चिडे. आम्ही त्यांना आळशी समजलो, एकदा तसे बोलूनही गेलो. ते काही बोलले नाहीत. आळस नव्हता हे आम्हांला घड्याळ घेऊन बसलेल्या एका गणित्याने सांगितले, तेही वडील गेल्यावर.

असो. घराला पुढे कुंपण पडले. १९६५ मध्ये ब्रिटिश सोसायटीला राजसनद मिळाली, १९८७ मध्ये सनदी मानसशास्त्रज्ञांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार आला, आणि २००९ पासून काही पदनामे कायद्याने राखीव झाली. नुसते 'सायकॉलॉजिस्ट' मात्र तेथे आजही कोणालाही म्हणवून घेता येते! कुंपणाला आमचा विरोध नाही. दुखावलेल्या माणसाला भोंदूच्या हाती कोणी देऊ नये. आमची तक्रार टोलनाक्याविषयी आहे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून अशा पदव्युत्तर शिक्षणाला सरकारी कर्ज मिळते, पण ते तेथल्या रहिवाशांना. आपल्या मुलीला फी, खोलीभाडे आणि बुडालेला वर्षाचा पगार असा तिहेरी भार. बार्टलेटला टपालाचे धडे परवडले. आजच्या कारागिराच्या मुलाला हे एक वर्ष परवडेल का?

सहकाऱ्याला आम्ही सांगितले, एका वर्षात मन कळत नाही, पण पोरगी सहा वर्षे जे पाहत होती ते मोजावयास शिकेल. त्याने पतपेढीचे कर्ज काढले. गेल्या सप्टेंबरात ती गेली. सामानात तिने एक जुनी वही ठेवली होती. शेवटच्या हिशेबावर सही करताना कोण काय बोलले, ते तिने त्यात तारखेनिशी लिहून ठेवले आहे.