व्हिटवर्थ रायफल
ब्रिटिश यंत्रविशारद जोझेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) याने तयार केलेली ठासणीची रायफल. नळीचा छेद षट्कोनी, व्यास ०·४५१ इंच व पीळ २० इंचांत एक वेढा असल्याने गोळी दूरवर स्थिर राही. १८५७ च्या चाचण्यांत तिने एन्फील्ड रायफलीस मागे टाकले. परंतु नळीत साचणारी काजळी व जबर किंमत यांमुळे ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली नाही. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या सैन्याने ती मोजक्या नेमबाजांना दिली. काहींवर मुंबई इलाख्याच्या फौजेतील डेव्हिड डेव्हिडसन याची दुर्बीण डाव्या बाजूस बसविलेली असे. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे, एवढ्या अंतरावरून हत्तीलाही गोळी लागणार नाही, असे सैनिकांना सांगणारा उत्तरेचा सेनानी जॉन सेजविक लगेचच गोळी लागून ठार झाला. ती गोळी व्हिटवर्थचीच होती, हे मात्र निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.