ख्रिस्ती कुटुंब, कायदा आणि वकील : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कुटुंबात कलह उद्भवला म्हणजे आमच्या मंडळ्यांत त्याची पहिली वार्ता पाळकाच्या घरी येते. पतिपत्नी विभक्त झाली, मूल कोणी सांभाळावे याविषयी वाद पडला, किंवा पोरक्या भाच्याला मामाने आपल्या घरी ठेवून घेतले, तर पाळक प्रार्थना करतो, समेटाचा यत्न करतो आणि पुष्कळदा चार वडीलजनांसमक्ष एक कागद लिहून देतो. त्यामागील सद्हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु असा कागद न्यायालयात कितपत टिकतो, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर ख्रिस्ती कौटुंबिक कायद्याच्या इतिहासात सापडते. म्हणून त्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श येथे घेत आहोत.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाची न्यायालयाशी पहिली मोठी गाठ पडली ती मुलाच्या ताब्यावरून. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वयाने सुमारे बारा वर्षांचा, स्कॉटिश मिशनरींच्या आश्रयास राहिला होता. वडिलांनी मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून बाळशास्त्री जांभेकर आणि सनातनी पक्ष यांच्यात मोठे वादळ उठले. त्या निर्णयात निर्णायक ठरला तो पित्याचा अधिकार. मुलाचे हित कशात आहे, हा विचार कायद्यात प्रधान होण्यास अद्याप अवकाश होता.

दुसरा प्रश्न धर्मांतरितांच्या विवाहाचा. पतीने वा पत्नीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणाने जोडीदाराने त्याग केला, तर त्या व्यक्तीने काय करावे? पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात या प्रश्नाचा विचार केला आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. १८६६ सालच्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्याने त्यास दिवाणी मार्ग दिला. त्याग सहा महिने चालू राहिलेला असावा, न्यायाधीशाने जोडीदारास प्रत्यक्ष विचारावे, आणि बहुतेक प्रकरणी आणखी एक वर्ष थांबावे, अशी त्याची रीत होती. हे थांबणे शहाणपणाचे होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो विवाह मोडला असता, तर मराठी ख्रिस्ती जीवनाचे केवढे नुकसान झाले असते!

ख्रिस्ती दांपत्यांसाठी मुख्य कायदा आला तो १८६९ साली. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याचा नमुना पुढे ठेवून तो रचला होता. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग यांसारखे आणखी एक कारण सिद्ध करावे लागे. मारहाण कितीही होवो, केवळ तेवढ्यावर तिची सुटका नव्हती. शिवाय जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अंतिम होत नसे. इंग्लंडने १९२३ साली हा स्त्रीपुरुषभेद दूर केला. आमच्याकडे तो त्यानंतरही सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. विधी आयोगाने १९८३ साली आपल्या नव्वदाव्या अहवालात सुधारणा सुचविली. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने पूर्णपीठाद्वारे हा भेद घटनाबाह्य ठरविला. अखेर २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. पतिपत्नींस समान कारणे मिळाली, उच्च न्यायालयाच्या पुष्टीची अट गेली, पोटगीवरील एकपंचमांश उत्पन्नाची मर्यादा गेली, आणि परस्परसंमतीने घटस्फोटाचे कलम १०-अ आले. त्या कलमात दोन वर्षे विभक्त राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ती एका वर्षावर आणली, आणि २०२२ साली त्या वर्षाची सक्तीही रद्द केली. म्हणजे कायद्याचे पुस्तक एक सांगते आणि एखाद्या प्रांताचे उच्च न्यायालय दुसरे. हा भेद स्थानिक वकिलासच नीट ठाऊक असतो.

धर्मसभेच्या न्यायासनाने विवाह रद्द ठरविला म्हणजे पुनर्विवाहास वाट मोकळी झाली, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली स्पष्ट केले आहे की, अशा निर्णयाने दिवाणी विवाह सुटत नाही. दिवाणी हुकूमनाम्यावाचून दुसरा विवाह लागला, तर तो निरर्थक ठरतो आणि पक्षकार द्विविवाहाच्या आरोपास पात्र होतात. विवाह लावणाऱ्या पाळकाने हे ध्यानी ठेवले पाहिजे.

गोव्याची कथा निराळी आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा आला. १९४० च्या पोपबरोबरील करारानंतर १९४६ च्या फर्मानाने धर्मविधीने लागलेल्या कॅथलिक विवाहांस वेगळे स्थान देऊन धर्मन्यायासनाच्या रद्दतेच्या निर्णयास उच्च न्यायालयामार्फत अंमल मिळण्याची सोय केली. १९६१ च्या मुक्तीनंतरही तेथील कौटुंबिक कायदा चालू राहिला, आणि १८६९ चा कायदा तेथे लागू झाला नाही. म्हणून मडगावात विवाह होऊन बेळगावात संसार करणाऱ्या दांपत्याचा प्रश्न बेळगावच्या पाळकाने केवळ स्वतःच्या अनुभवावरून सोडवू नये. दोन्हीकडील कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे त्यांस पाठवावे.

मुलांच्या ताब्याविषयी १८९० चा पालक व पाल्य कायदा हा मोठा टप्पा होय. अज्ञानाचे कल्याण, त्याचे वय, लिंग व धर्म, आणि तो समजदार असल्यास त्याची स्वतःची इच्छा, यांचा विचार करण्यास त्याने न्यायाधीशास सांगितले. श्रीपतच्या प्रकरणात ज्याला स्थान नव्हते, ते सत्तेचाळीस वर्षांनी कायद्यात उतरले. हा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावयाचा असतो. घटस्फोटाचा अर्ज मात्र विवाह जेथे लागला, किंवा पतिपत्नी जेथे एकत्र राहतात वा शेवटी राहिली, तेथे द्यावा लागतो. माहेरी इंदूरला आलेल्या बाईचा विवाह हैदराबादेत झाला आणि संसारही तिकडेच झाला असेल, तर मुलाच्या ताब्याचा अर्ज एका गावी आणि घटस्फोटाचा दुसऱ्या गावी, असा प्रसंग येऊ शकतो.

दत्तकाच्या बाबतीत ख्रिस्ती समाज दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. १९७२ व १९८० ची सर्वांसाठीची विधेयके संमत झाली नाहीत. ख्रिस्ती दांपत्यास पालकत्वाचा हुकूम तेवढा मिळे, आणि मूल सज्ञान झाले की तो संपे. मुंबई उच्च न्यायालयाने पुढे अनाथ व त्यजिलेल्या बालकाच्या दत्तक जाण्याच्या हक्कास मान्यता दिली. २००६ साली बालन्याय कायद्यातील दुरुस्तीने धर्मनिरपेक्ष दत्तकाची वाट स्पष्ट केली. २०१५ च्या कायद्याने काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडील आजीआजोबा यांस नात्यातील मूल दत्तक घेण्याचा मार्ग खुला केला. दत्तकाचा हुकूम देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत धर्ममातापिता म्हणून नाव असणे हे दत्तक नव्हे, हे मात्र आपल्या लोकांस वारंवार सांगितले पाहिजे. असा हुकूम नसेल, तर वारशाच्या वेळी त्या मुलाच्या हाती काहीच राहत नाही.

वकिलाविषयी आपल्या समाजात एक प्रकारचा संकोच आहे. त्यास आपल्यातीलच एका बाईचे जीवन उत्तर देते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला, पारशातून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड सोराबजी खरसेटजी यांच्या घरी झाला. ऑक्सफर्डला कायदा शिकून त्या परतल्या, तेव्हा स्त्री म्हणून त्यांस वकिली करण्याची सनद नव्हती. पडद्यातील स्त्रियांची बाजू त्यांनी काठेवाड व इंदूर येथील एजंटांपुढे मांडली, आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये विधवा व अज्ञान वारस यांच्या हिताचे काम केले. वकिलीचा हक्क त्यांस पुष्कळ पुढे मिळाला. परपुरुषाशी बोलू न शकणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत न्यायापुढे नेणे, ही त्यांची सेवा होती. तीस भांडण लावणे कोण म्हणेल?

तेव्हा पाळकाने व धर्मशिक्षकाने समेटाचे कार्य सोडू नये, पण वकिलाची जागाही घेऊ नये. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती कौटुंबिक कायदा जाणणारा वकील कोण आहे, याची चौकशी प्रसंग येण्यापूर्वीच करून ठेवावी. पूर्वी अशी प्रकरणे चालविली आहेत काय, शुल्क किती व केव्हा, हे पक्षकाराने आरंभीच विचारून घ्यावे, आणि वकीलपत्रावर ते वाचल्यावाचून सही करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांस उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील त्या कार्यालयापर्यंत गरीब बहिणीस पोचविणे हेही पाळकाचेच काम आहे. कौटुंबिक न्यायालयात १९८४ च्या कायद्याने वकील हक्काने उभा राहू शकत नाही, न्यायालयाच्या अनुमतीने राहतो; तरी अर्ज नीट लिहिण्यास त्याचा सल्ला हवाच.

विधवा व अनाथ यांची बाजू घ्या, ही आज्ञा संदेष्ट्यांनी न्यायाच्या वेशीत उच्चारली. ती वेस आज जिल्हा न्यायालयाच्या दारी आहे, आणि तेथवर आपल्या माणसाबरोबर चालत जाणे हे पाळकीय सेवेचेच अंग आहे, असे आम्हांस वाटते.