आधी बरे व्हा, मग प्रेम करा

कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिने येऊन लागतात, थळ घाटाचा चढ संपतो आणि इगतपुरीला ती सुटतात. कसारा ते इगतपुरी लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. वाफ गेली, वीज आली, तरी मागून रेटणाऱ्या इंजिनांची गरज काही संपली नाही. म्हणून पंजाब मेलला कोणी पांगळी म्हणत नाही, आणि बँकरने तिच्यासाठी आयुष्य वेचले असेही कोणाला वाटत नाही. माणसांच्या गोष्टी सांगताना मात्र आपले गणित बदलते. अपंग माणसाला प्रेम मिळायचे तर दोनच वाटा ठेवलेल्या असतात. एक तर आधी त्याचे व्यंग जावे, नाही तर समोरच्याने त्याग करावा. ही रीत जुनी आहे, मराठीत ती चांगली मुरलेली आहे, आणि ती किती घट्ट बसली आहे हे कळायला २०१२ साली हौशी मंडळींनी केलेला एक परदेशी खेळ उपयोगी पडतो.

मुळात अपंग माणूस आपल्या वाङ्मयात माणूस म्हणून फार कमी वेळा आला आहे. तो आला उपमा म्हणून. पहाटे दारोदार दान मागणारे पांगुळ स्वतः पांगळे नसत. सूर्याचा सारथी अरुण याला मांड्या नाहीत, त्याच्या नावाने ते दान मागत. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा हे सगळे प्रथमपुरुषी बोलतात, पण त्यांचे आंधळेपण डोळ्यांचे नसते, अज्ञानाचे असते. म्हणी तर विचारूच नयेत. आंधळा एक डोळा मागतो तेव्हा देव दोन देतो, म्हणजे परमभाग्य कोणते, तर डोळे येणे. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने रंगमंचावर आणलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे मराठी रंगभूमीला वळण देणारे नाटक. ब्यर्नसनच्या नाटकावरून घेतलेल्या या नाटकात प्रश्न आहे स्त्री आणि पुरुष यांना वेगवेगळे नीतिनियम का, हा. आंधळ्यांची शाळा त्यात शोधूनही सापडणार नाही. खरी शाळा मुंबईत १९०० पासून चालू होती. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी ती काढली होती. तिथली मुले कोणावर रुसत असतील, कोणाची वाट पाहत असतील, हा नाटकाचा विषय होऊ शकतो असे त्या काळात कोणाच्या डोक्यात आले नसावे.

पहिली अट, म्हणजे आधी बरे होण्याची, सर्वांत स्पष्ट दिसते ती कुब्जेच्या कथेत. कंसासाठी उटी घेऊन निघालेली ही पाठीला बाक असलेली दासी कृष्णाला रस्त्यात भेटते, ती उटी त्यालाच लावते. मग कृष्ण आपल्या पावलांनी तिची पावले दाबून धरतो, दोन बोटे हनुवटीखाली घालतो आणि तिला वर उचलतो. पाठ सरळ होते. भागवतात त्यानंतर, आणि त्यानंतरच, ती त्याच्या शेल्याचे टोक ओढून त्याला घरी चलण्याचा आग्रह करते. क्रम पाहण्यासारखा आहे. इच्छा बोलून दाखवायचे धाडस सरळ पाठीला येते, वाकलेल्या पाठीला नाही. इंदिरा संतांनी ‘कुब्जा’ या कवितेत हा क्रमच बाजूला ठेवला. राधा अजून झोपलेली आहे, गोकुळ जागे झालेले नाही, आणि ही एकटी पहाटेच्या अर्ध्या पाण्यात उभी राहून मुरली ऐकते आहे. पाठ सरळ झाली की नाही, कवितेला त्याची चौकशीच नाही. सूर आपल्यासाठी आहे हे तिला कळते, एवढेच. ही कविता आपण बहुधा भक्तीची म्हणून वाचत आलो. मला ती या रीतीला मराठीने दिलेले फार थोड्या शब्दांतले उत्तर वाटते.

दुसरी अट त्यागाची. तिच्यावर बोट ठेवले सई परांजपे यांनी. १९८० च्या ‘स्पर्श’ची भाषा हिंदी, पण दिग्दर्शिका आपली. दिल्लीच्या अंधशाळेत चित्रीकरण झाले आणि तिथलीच मुले पडद्यावर आली. शाळेचा अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध आणि मुलांना गाणे शिकवायला आलेली विधवा कविता यांचे लग्न ठरते, आणि तिथेच गोष्ट अडते. ही माझ्यावर प्रेम करते आहे की माझ्या रूपाने एखादे व्रत आचरते आहे, या संशयाने अनिरुद्ध लग्न मोडतो. चित्रपटाचे मोठेपण असे की त्याचा संशय निव्वळ वेडेपणा ठरत नाही. कवितालाही स्वतःच्या मनाची खात्री करून घ्यावी लागते.

आता तो खेळ. ‘कातावा शोजो’ ही व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रे पाहत, मजकूर वाचत, मध्येमध्ये निवड करत पुढे जाणारी कादंबरी. रायता या जपानी चित्रकाराने २००० साली हौशी प्रकाशनाच्या एका पानावर काही मुलींची रेखाटने केली होती. ती पाहून देशोदेशीच्या अनोळखी लोकांनी २००७ मध्ये ‘फोर लीफ स्टुडिओज’ नावाने काम सुरू केले, पहिला अंक २००९ मध्ये आला आणि ४ जानेवारी २०१२ रोजी पूर्ण खेळ फुकट खुला झाला. नायक हिसाओ याला हृदयविकार आहे आणि त्याची रवानगी अपंग विद्यार्थ्यांच्या शाळेत होते. तिथे गुडघ्याखाली पाय नसलेली धावपटू एमी आहे, पायाने चित्रे काढणारी रिन आहे, अंध लिली, कर्णबधिर शिझुने आणि चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण असलेली हानाको आहे. कोणाचेही व्यंग कोणत्याही शेवटी जात नाही. हिसाओचे हृदयही दुरुस्त होत नाही. हानाकोच्या कथेत तर त्यागाच्या अटीचीच परीक्षा होते. खेळणारा तिला जपत राहिला, तिच्या वतीने काळजी करत राहिला, की शेवटी ती त्याच्यावरच उसळते आणि सगळे मोडते. चांगला शेवट हवा असेल तर त्याने रक्षणकर्त्याची भूमिका सोडायला हवी. अनिरुद्धने जे संवादांतून मांडले ते इथे खेळणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांनी चुकते किंवा साधते. दयाळूपणा केला म्हणून हरायला लावणारी गोष्ट मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला नावाचा. कातावा हा जपानीतला हिणकस शब्द आहे. आपल्याकडे ‘लंगडी पोरगी’ नावाचे पुस्तक निघाले तर जी अस्वस्थता होईल तीच इथे व्हावी. दुसरा आक्षेप अधिक बोचरा. पाच मुली, पाच व्यंगे, आणि निवड करणारा एक मुलगा. ही मांडणी प्रदर्शनासारखी आहे, त्यात प्रौढ प्रसंगही आहेत, आणि मूळ रेखाटनांतला चाळवणारा हेतू लपत नाही. हे मान्यच करावे लागते. जन्माची खोट कामाने पूर्ण भरून निघते असे मी म्हणणार नाही. पण ज्यांनी हलक्या कुतूहलाने सुरुवात केली, त्यांना पाच वर्षे त्या मुलींबरोबर काढल्यावर व्यंगापलीकडचे लिहावे लागले, हा पुरावाही डावलता येत नाही. रिनच्या कथेतला पेच हात नसण्याचा नाहीच, मनातले दुसऱ्याला सांगता न येण्याचा आहे. एक विसंगती मात्र राहते: सगळा मामला चित्रांचा, म्हणजे खुद्द लिलीला तो पाहता आला नसता. २००८ पासून ब्रेलमध्ये निघणारे ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी पाक्षिक निदान तिच्या बोटांपर्यंत पोहोचले असते, तिला मराठी येत असते तर.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. गोष्टीत काय असते याला महत्त्व किती द्यायचे, प्रत्यक्षात लग्ने जुळणे महत्त्वाचे, असे कोणी म्हणेल. तर प्रत्यक्षच पाहू. २०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अपंग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहाला प्रोत्साहन म्हणून ५० हजार रुपयांची योजना आणली. गरजू जोडप्याला त्या पैशाचा आधार होतो, त्यावर टीका करण्यात अर्थ नाही. पण योजनेची भाषा कथेतून आलेली आहे. सुरू झाली तेव्हा ती अपंग आणि अव्यंग अशाच जोडीसाठी होती. दोन अंध माणसांनी एकमेकांशी लग्न केले तर प्रोत्साहन देण्याजोगे काही घडले, असे ती धरत नव्हती, कारण त्यात त्याग करणारे कोणी दिसत नव्हते. रकमेची विभागणीही ठरलेली होती: २५ हजारांची बचत प्रमाणपत्रे, २० हजार रोख, साडेचार हजारांचे संसारोपयोगी साहित्य. उरलेले पाचशे रुपये स्वागत समारंभासाठी.