सुक्याबरोबर ओले

श्रोतेहो, सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. रानाला लागलेला वणवा झाड ओळखीत नाही. मच्छीमाराच्या जाळ्याचेही तसेच. ते टाकायचे एका माशासाठी. पण पाण्यात जो असेल तो त्यात सापडतो. आज मी तुम्हांला ट्यूना माशाची, म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याची, आणि त्याच्याबरोबर फुकट मरणाऱ्या मुशी-पाकटांची हकीगत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा मास्तर मासळीबाजारात कसा शिरला? तर या हकीगतीत इतिहासाचाच एक धडा आहे, म्हणून.

सुरुवात होते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. सान डिएगो बंदराचे मच्छीमार पूर्वी बांबूच्या काठीला गळ लावून एकेक ट्यूना उचलीत. १९५० नंतर नायलॉनची जाळी आली, ती ओढायला यांत्रिक कप्पी आली, आणि बघता बघता काठ्या मागे पडल्या. आता जहाज थव्याभोवती फिरून जाळ्याची भिंत उभी करी आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा तळ आवळून घेई. हेच ते पर्ससीन जाळे.

पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या परांचा मोठा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखालून पोहतो. डॉल्फिन श्वासासाठी वर येतो, दुरून दिसतो. तेव्हा जाळे त्याच्याभोवतीच पडू लागले. १९६० नंतरच्या दशकात वर्षाला लाखांच्या संख्येने डॉल्फिन जाळ्यात गुदमरून मेले. लोक खवळले. १९७२ साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. पण खरा तोडगा मच्छीमारांच्याच हातून निघाला. जहाज मागे घ्यायचे, जाळ्याची कड पाण्याखाली दाबायची आणि डॉल्फिनला वरून निसटू द्यायचे, ही त्यांची युक्ती. हॅरॉल्ड मेडिना नावाच्या कप्तानाने त्या कडेला बारीक विणीचा पट्टा जोडला, म्हणजे डॉल्फिनचे तोंड अडकत नाही. १९९० साली मोठ्या कंपन्यांनी जाहीर केले, की डॉल्फिनला घेरून धरलेला ट्यूना आम्ही डब्यात भरणार नाही. लाखांवरचा आकडा पुढे काही हजारांवर आला आणि नंतर त्याच्याही खाली गेला.

गोष्ट इथेच संपती तर किती बरे झाले असते! पण जाळी थांबली नव्हती, जागा बदलली होती. समुद्रात तरंगता ओंडका असला, की त्याच्या सावलीला मासे जमतात. मग जहाजांनी स्वतःच बांबूचे तराफे सोडायला सुरुवात केली. हिंद महासागरातही १९८० नंतर युरोपची जहाजे आली आणि ही रीत तिथे फोफावली. तराफ्याखाली जुन्या जाळ्याचे लांब पडदे लोंबत. ट्यूनाबरोबर तिथे रेशमी कातडीची मुशी, जिला सिल्की शार्क म्हणतात, तीही येई आणि त्या पडद्यात गुरफटून मरे. मेलेला मासा दोन दिवसांत गळून तळाशी जाई. जहाजावर कुणाला पत्ता नाही, वहीत नोंद नाही. शास्त्रज्ञांनी मुशींना खुणेची यंत्रे लावली, पाण्यात उतरून तराफे तपासले आणि २०१३ साली हिशेब मांडला: एकट्या हिंद महासागरात वर्षाला ४,८०,००० ते ९,६०,००० मुशी अशा मरत असाव्यात.

आता शेतकरी श्रोते विचारतील, समुद्रात माशांना काय तोटा? तोटा आहे. ट्यूना लाखो अंडी सोडतो. मुशीचे तसे नाही, ती गाईसारखी. वयात यायला वर्षे लागतात आणि पिले होतात मोजकी. मांटा नावाचे मोठे पाकट तर बहुधा एका वेळी एकच पिलू देते, तेही काही वर्षांच्या अंतराने. पेरलेले पुन्हा उगवते. कळपातल्या गाई संपल्या तर दावण रिकामीच राहते. १९७० ते २०१८ या काळात खुल्या समुद्रातल्या मुशी-पाकटांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली.

उपाय मात्र अवघड नव्हते. तराफ्याखालचे जाळे काढून साधी दोरी लावायची. हिंद महासागर ट्यूना आयोगाने, ज्याचा भारत सभासद आहे, २०२० पासून तराफ्यांना जाळे लावायला मनाई केली. मांटा पाहून जाळे टाकू नये, हे २०१९ साली ठरले. मैलोगणती दोरीला हजारो गळ लावून ट्यूना धरतात, तिथे गळाशी पोलादी तार असते. तिच्या जागी नायलॉन लावले, तर मुशी ते दातांनी तोडून सुटते. मध्य-पश्चिम पॅसिफिकच्या उष्ण पट्ट्यात अशी तार २०२४ पासून बंद झाली. आणि आपल्या लक्षद्वीपातल्या मिनिकॉयचे लोक काठी-गळाने एकेक ट्यूना धरतात. तिथे मुशी गळाला लागलीच तरी ती जिवंत सोडता येते. सान डिएगोने टाकलेली काठी त्यांनी टाकली नाही.

आपल्या राज्यातही २०१८ साली एक योजना निघाली. जाळ्यात व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर जाळ्याची भरपाई मिळावी. मला हे फार मोलाचे वाटते. जीव वाचवण्याचा खर्च ज्याच्या घरी चूल त्या जाळ्यावर पेटते त्याने एकट्याने का सोसावा?

शिक्षकबंधूंनो, वर्गात हा धडा जरूर सांगा. डॉल्फिन वाचवणारे लोक चुकले नव्हते. डॉल्फिन दिसत होता, म्हणून वाचला. मुशी पाण्याखाली मरत होती, तिला मोजायलाच कुणी नव्हते. चांगल्या कामाचाही हिशेब दोन्ही बाजूंनी ठेवावा लागतो. जे डोळ्यांआड जळते, त्याचाही.