पाणीसाठ्याच्या सवयी आणि डेंग्यूचा प्रसार : वसई-विरारच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
डेंग्यूची साथ आली की दोषाचे बोट प्रथम नागरिकांकडे वळते. पिंप उघडे ठेवले, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू दिले, असे म्हटले जाते व त्यात तथ्यही आहे. तथापि सवयींनाही इतिहास असतो. वसई-विरारमधील पाणी साठविण्याच्या सवयी कशा घडल्या व रोगप्रसाराशी त्यांचा संबंध काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईचा पूर्वानुभव :
डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापाविषयीचा अहवाल सादर केला. अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्साय हा डास शहरातील विहिरींत व टाक्यांत वाढतो, असे त्यांनी दाखविले. विहिरी बुजविण्याच्या धोरणास हिंदू व पारशी समाजांतून विरोध झाला. कारण विहिरीचे पाणी नित्य वापराबरोबरच धर्मविधींशीही निगडित होते. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांना मुंबईच्या हिवतापावर पुन्हा स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. लोकांच्या जीवनक्रमाचा विचार न करणारी आरोग्ययोजना अपुरी पडते, हा यातील बोध होय.

बावखलापासून पिंपापर्यंत :
वसईच्या बागायती पट्ट्यात विहीर, रहाट आणि बावखल ही पाण्याची परंपरागत साधने होती. केळी, पानवेली व फुलबागांचे शिंपण त्यांवर होई. घरात पाणी हंडा-कळशीत भरले जाई आणि सकाळी शिळे पाणी ओतून ताजे भरण्याची रीत होती. हा काळ रोगमुक्त होता असे नव्हे. विहिरींतही डास वाढतच. मात्र घरातील पाणी दिवसेंदिवस साचून राहण्याचे कारण नव्हते.

१८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे लोकलगाडी सुरू झाली. परंतु नागरीकरणाचा खरा वेग १९८० नंतरचा. अनेक बावखले बुजली आणि टँकरसाठी भूजलाचा उपसा वाढला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. त्यात पाणी हा कळीचा प्रश्न होता. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. सूर्या, उसगाव व पेल्हार येथून पाणी आले, तरी अनियमित पुरवठ्याच्या अनुभवामुळे घरोघरी पिंपे व टाक्या भरून ठेवणे हा गृहव्यवस्थेचा भाग बनला. पुढचे पाणी केव्हा येईल याची शाश्वती नसता शिळे पाणी ओतून देणे ही उधळपट्टी ठरते. अशा रीतीने एक उपकारक सवय मागे पडली.

सवय आणि डास :
डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस इजिप्ती हा डास घरातील व घराभोवतीच्या लहान साठ्यांत वाढतो आणि दिवसा चावतो. मादी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या ओलसर कडेवर अंडी घालते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात व पिंप पुन्हा भरले की फुटतात. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. केवळ पाणी ओतून भागत नाही. भांड्याच्या कडा घासणे आवश्यक असते. हे काम बहुधा घरातील स्त्रीवर पडते. पाण्याची वेळ रात्री-अपरात्रीची असेल, तर तिच्याकडून या शिस्तीची अपेक्षा कितपत रास्त, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :
घट्ट झाकण, आठवड्याची सफाई व गच्चीवरील भंगाराची विल्हेवाट या नागरिकांच्या जबाबदाऱ्या नाकारता येत नाहीत. परंतु पिंप हे निष्काळजीपणाचे नव्हे, तर अनिश्चिततेपोटी आलेल्या काळजीचे चिन्ह आहे. पाणी ठरल्या वेळी मिळेल असा विश्वास निर्माण झाल्यावाचून ते रिकामे होणार नाही. त्यामुळे पाणीपुरवठा व आरोग्य या खात्यांचे नियोजन एकत्र व्हावयास हवे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनीही पाणी भरणाऱ्या स्त्रियांच्या आठवणींचे संकलन हाती घ्यावे. साथीच्या या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन ठरेल.