धुण्याने घडवलेली गोधडी

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला की शिरूर-दौंडच्या गावांतून 'दसरा काढायची' लगबग सुरू होते. घटस्थापनेच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघायला हवं. पूर्वी हे धुणं घोड नदीवर आणि भीमेवर जायचं. पुण्याचं सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, तेव्हा खालच्या गावांतल्या बायकांनी कालव्याची वाट धरली, यात नवल नाही. शिरूरकडे चासकमानचा कालवा, दौंडकडे नवा मुठा उजवा कालवा. पाणी सुटलं की काठावर गोधड्यांची रांग लागते.

गोधडीची कुळकथा मी या धुण्यापासून सांगते, कारण तिची घडण त्यानेच ठरवली. कापूस भरलेली रजई पाण्यात घालता येत नाही. आत गोळे होतात, मग पिंजाऱ्याला गाठावं लागतं. धनगराचं घोंगडं पाऊस झेलतं, पण अंगाला बोचतं. गोधडीत वर, खाली आणि आतही कापडच. ती भिजवायची, खारात मुरवायची, तुडवायची, धोपटायची. असं बडवताना सुटे थर एकमेकांवरून सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. त्यांना जागच्या जागी धरून ठेवायला बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी आल्या. चारी कडांपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत बाई मध्यावर येते. सगळ्यात जास्त ओढ काठांना बसते, ते असे आधी पक्के होतात. नक्षी दिसते ती या मजबुतीतूनच आलेली.

कापड यायचं कुठून, तर लुगड्यातून. सुती नऊवारी मध्ये विरली की तेवढा भाग कापून उरलेले तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं आणखी काही वर्षं नेसून झालं की त्याचं जुनेर व्हायचं. बरी धडपी गोधडीच्या वरच्या-खालच्या अंगाला, धोतरं आणि फाटके सदरे पोटात. सगळ्यात मऊ तुकडा बाळाच्या दुपट्याला राखून ठेवलेला. उरलं ते पोतेरं. हे काम रब्बीची सुगी उरकल्यावर, चैत्र-वैशाखात अंगणात चालायचं, कारण आख्खी गोधडी पसरायला कोरडी, मोकळी जागा लागते.

बंगालची कांथा, सिंधची रल्ली, उत्तर कर्नाटकातली कौदी या हिच्याच बहिणी. टाका तोच, धावदोऱ्याचा. बंगालची भरतकाम केलेली पांघरुणं सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून युरोपात गेली, म्हणून ती आज तिथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. आपली गोधडी घरातच झिजून संपली, त्यामुळे जुने नमुने फार कमी उरले. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलं, त्याचं मोल मला म्हणूनच मोठं वाटतं.

सहावारी टेरिकॉट आणि नायलॉन घरात आलं तशी गोधडी बिघडली. हे कापड विरत नाही, घाम टिपत नाही, सुईखाली निसटतं. रस्त्याकडेला मशीनवर शिवून मिळणाऱ्या गोधड्या बहुतेक अशाच साड्यांच्या असतात. त्या स्वस्त पडतात, लवकर वाळतात. पण ऐन उन्हाळ्यात अंगावर घेऊन बघा.

पहिलीच गोधडी शिवणार असाल तर सगळं सुतीच घ्या. नवं कापड मिसळायचं असेल तर ते आधी दोनदा धुऊन आटवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडेल आणि जुनं कापड चुण्या टाकेल. लाल, जांभळ्या रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग उतरला तर तो बाजूला ठेवा. लहान दुपट्यापासून सुरुवात करा. आतले तुकडे एकावर एक चढू न देता शेजारी शेजारी मांडा, हाताने सारखे करा आणि आधी सगळीकडे लांब कच्चे टाके घाला. दोरा हातभरच ओवा; लांब दोऱ्याचा गुंता होतो. गाठ थरांच्या आत ओढून घ्या.

धुताना गरम पाणी नको. गोधडी रात्रभर भिजवली की मळ सुटतो. घरच्या मशीनला तिचं ओलं वजन पेलत नाही. दोघांनी दोन टोकं धरून पिळावी. तारेवर लोंबती टाकली तर भाराने मधले टाके तुटतात, त्यापेक्षा गच्चीवर पसरावी आणि दुपारी उलटावी. आत ओल राहिली तर बुरशी धरते, तेव्हा कोपरे दाबून पाहिल्याशिवाय घडी घालू नये. कुठे फाटली तर ठिगळ लावून आजूबाजूच्याच ओळी त्यावरून पुढे न्याव्या. वरचं अंग पार विरलं तरी उसवायची गरज नाही. त्यावर दुसरं जुनेर चढवून पुन्हा शिवावी. मात्र ओली झाल्यावर दोघींनाही उचलेना इतकी ती जड झाली की थर चढवणं थांबवा. ती अंथरायला ठेवा आणि पांघरायला नवी शिवायला घ्या.