शेवटचे पान नसलेले पुस्तक : टोनी हॅनकॉकचा विनोद

विनोदी नटाचा अंत शोकात्म झाला की त्याच्या विनोदाकडे आपण शोकात्म नजरेनेच पाहू लागतो. हसवणाऱ्या चेहऱ्यामागचे दुःख शोधण्याचा मोह समीक्षकाला सहसा आवरत नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील टोनी हॅनकॉक (१९२४–१९६८) या नटाच्या वाट्याला हे वाचन फार आले. जून १९६८ मध्ये सिडनी येथे वयाच्या ४४व्या वर्षी त्याने आत्महत्या केली आणि त्यानंतर त्याचे सारे काम जणू त्या एका रात्रीची पूर्वसूचना म्हणून पाहिले जाऊ लागले. या वाचनाने हॅनकॉकवर अन्याय होतो, आणि त्याहून अधिक त्याच्या लेखकांवर होतो, असे मला वाटते.

'हॅनकॉक्स हाफ अवर' हा कार्यक्रम बीबीसी रेडिओवर २ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झाला आणि १९५६ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. रे गाल्टन आणि ॲलन सिम्प्सन हे त्याचे लेखक. क्षयरोगाने आजारी असताना सरेमधील एका आरोग्यधामात या दोघांची ओळख झाली होती. त्या काळातील रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम म्हणजे चुटके, गाणी आणि पुन्हा चुटके असा मामला असे. गाल्टन-सिम्प्सन यांनी गाणी काढून टाकली आणि अर्धा तास एकच गोष्ट, एकाच माणसाभोवती, त्याच्या स्वभावातून फुलू दिली. १९५८ मधील रविवारच्या दुपारचा रेडिओ-भाग याचा उत्तम नमुना आहे. त्यात काहीच घडत नाही. माणसे कंटाळतात, सुस्कारे सोडतात, भिंतीवरच्या कागदात चेहरे शोधतात. रेडिओवर शांततेला विनोदाचे साधन करणे हे त्या वेळी धाडसच होते.

या कार्यक्रमातला हॅनकॉक लंडनच्या एका काल्पनिक उपनगरात, ईस्ट चीम येथे, २३ रेल्वे कटिंग्ज या पत्त्यावर राहतो. डोक्यावर हॉम्बर्ग हॅट, अंगात कॉलरला फर लावलेला जुना कोट. स्वतःला तो विचारवंत समजतो. जगाने आपली कदर केली नाही याची त्याला खंत आहे. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये वर्गव्यवस्थेच्या पायऱ्या सैल होत होत्या. वरच्या पायरीवर पाय ठेवण्याची आस आणि तेथून घसरण्याची भीती एकाच देहात नांदवणारा हा माणूस प्रेक्षकांना ओळखीचा वाटला, यात नवल नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा भाग म्हणजे १९६० मधील 'द मिसिंग पेज'. वाचनालयात जाऊन हॅनकॉक भारदस्त ग्रंथांची नावे घेतो. ग्रंथपालही प्रभावित होतो. मग हे जाडजूड ग्रंथ जमिनीवर रचून तो त्यांवर उभा राहतो आणि वरच्या फळीवरची एक रहस्यकथा काढतो! तिचे शेवटचे पानच गायब असते. खुनी कोण, हे कळल्याशिवाय त्याला झोप येईना. शोध घेत तो सिड जेम्ससह लेखकाच्या घरापर्यंत पोहोचतो, तर लेखक मरण पावलेला. अखेर ब्रिटिश म्युझियममधील प्रत उघडावी, तर कळते की कादंबरी पुरी होण्याआधीच लेखक वारला. वाचकाच्या भुकेवर, साहित्यिक प्रतिष्ठेच्या ढोंगावर आणि कथानकाच्या समाप्तीविषयीच्या आपल्या हट्टावर इतके मार्मिक भाष्य अर्ध्या तासात क्वचितच झाले असेल.

हॅनकॉक हळूहळू एकेक सहकाऱ्याला दूर करीत गेला आणि त्यातच त्याचा नाश झाला, असे सर्रास सांगितले जाते. हा क्रम खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागेल. १९६० नंतर त्याने सिड जेम्सची साथ सोडली. मग १९६१ मध्ये 'हॅनकॉक' या नावाने सहा भागांची मालिका आली. तिचा पहिला भाग 'द बेडसिटर'. एका खोलीत एकटा माणूस, पंचवीस मिनिटे. तो सिगारेट पेटवताना भाजून घेतो, शब्दकोश जवळ ठेवून बर्ट्रांड रसेल वाचायला बसतो आणि हार मानतो. चुकून आलेल्या फोनवरून एका मेजवानीचे निमंत्रण मिळते, हा नटूनथटून तयार होतो, आणि निमंत्रण रद्द होते. सिड जेम्स त्या खोलीत असता तर हा भाग लिहिलाच गेला नसता. एकटेपण येथे कलेची गरज म्हणून आलेले आहे.

त्याच मालिकेतील 'द ब्लड डोनर' आजही सर्वांत लाडका आहे. बोट टोचून तपासणीचा थेंब घेतल्यावर आपले रक्तदान झाले असे समजून हॅनकॉक उठून निघतो. पूर्ण पाइंटभर रक्त द्यायचे आहे हे कळल्यावरचा त्याचा चेहरा विसरता येत नाही. शेवटी पावाच्या सुरीने हात कापून तो त्याच रुग्णालयात येतो आणि त्याचेच रक्त त्याला परत चढवले जाते. औदार्याचा एवढा सुबक हिशेब! चित्रीकरणाआधी मोटार अपघातात डोक्याला मार लागल्यामुळे त्याने संवाद पाठ न करता कॅमेऱ्याजवळच्या फलकांवरून वाचले. नीट पाहिले तर त्याची नजर समोरच्या नटाला चुकवताना दिसते. पुढे त्याने पाठांतराचा कष्ट जवळजवळ सोडलाच.

खरा तुटवडा त्यानंतर आला. १९६१च्या अखेरीस त्याने गाल्टन-सिम्प्सन यांच्याशी संबंध तोडले. सहकारी नट गेले तेव्हा पात्र एकटे पडले होते. लेखक गेले तेव्हा त्या पात्राची भाषाच गेली. लेखकांनी १९६२ मध्ये 'स्टेप्टो अँड सन' उभी केली. त्यात पळून जाण्याची स्वप्ने पाहणारा एक मुलगा आणि त्याला न सोडणारा बाप आहे. ईस्ट चीममधली ती आस तेथे नव्या घरात राहायला गेली, असे म्हणता येईल. हॅनकॉकला १९६३ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर मालिका मिळाली, पण ती पूर्वीची उंची गाठू शकली नाही.

म्हणून सिडनीतील त्या रात्रीवरून मागे वाचत येऊ नये. 'द बेडसिटर'मधले एकटेपण हे तीन निरोगी, मेहनती माणसांनी तोलूनमापून रचलेले एकटेपण आहे. ते पाहताना आपण हसतो, कारण त्यामागे सहवास आहे. सुरुवातीच्या अनेक भागांची चित्रमुद्रणे आज उरलेली नाहीत. जे उरले आहे ते त्याच्या मृत्यूची साक्ष म्हणून न पाहता तीन जणांच्या मैत्रीचा पुरावा म्हणून पाहावे. या कथेचे शेवटचे पान आपल्याला ठाऊक आहे, हे खरे. पण ते त्या तिघांनी लिहिलेल्या पुस्तकातले नाही.